आधी सत्र, मग आठवडा, दिवस सगळ्यात शेवटी : कॉलेजमधल्या वेळेचं नियोजन

गोव्यात कॉलेज सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात मुलं वेळापत्रक करतात. पहाटे पाच ते सात अभ्यास, संध्याकाळी सहा ते नऊ अभ्यास, रविवारी उजळणी. ते भिंतीवर चिकटवलं जातं आणि चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, खरेदी सुरू होईतो त्याकडे कुणी बघेनासं होतं. मग मूल स्वतःला आळशी ठरवतं आणि घरचेही त्याला दुजोरा देतात. खरं तर बहुतेकांच्या बाबतीत चूक क्रमात असते. दिवस आधी आखला जातो, आणि सत्रात काय काय येऊन आदळणार आहे ते मागाहून कळत जातं.

खालचा क्रम याच्या उलट आहे. टप्पे गाळू नका आणि पुढेमागेही करू नका. पहिल्या तीन टप्प्यांसाठी एक निवांत दुपार राखून ठेवा.

## तयारी : हे समोर असल्याशिवाय बसू नका

- कॉलेजचं शैक्षणिक दिनदर्शक. सत्राची सुरुवात, सुट्ट्या, आयएसए (सत्राच्या मधली अंतर्गत चाचणी) आणि सत्रान्त परीक्षेचा काळ त्यात असतो.
- प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम. बहुतेक अभ्यासक्रमांत दर घटकापुढे किती तास शिकवायचं ते लिहिलेलं असतं. तो आकडा पुढे फार कामाला येतो.
- वर्गाचं वेळापत्रक, प्रॅक्टिकलच्या बॅचसकट.
- घरातली तिथी दाखवणारी दिनदर्शिका.
- तुमच्या बसच्या खऱ्या वेळा. फलकावरच्या वेळा घेऊ नका, बस तुमच्या थांब्यावर प्रत्यक्षात केव्हा येते ती वेळ घ्या.
- एक साधी वही. मोबाइलमधलं ॲप नंतर वापरा. पहिला आराखडा कागदावर करा, कारण पूर्ण सत्र एका नजरेत दिसलं पाहिजे.

आईवडिलांना या दुपारी दहा मिनिटं शेजारी बसवा. घरात लग्न कधी आहे, गावच्या देवळात तुमच्या घराण्याचा मान कोणत्या दिवशी आहे, हे त्यांनाच माहीत असतं.

## १. सत्राचा नकाशा

वहीच्या दोन समोरासमोरच्या पानांवर सत्राचे सगळे आठवडे एकाखाली एक लिहा. दर आठवड्यासमोर तीन रकाने : घर, कॉलेज, परीक्षा.

आधी घराचा रकाना भरा. आपल्याकडे नियोजन मोडतं ते याच रकान्यामुळे, आणि नेमका तोच कुणी भरत नाही. विषम सत्र, म्हणजे पावसाळ्यात सुरू होणारं, घ्या. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांची जुलैत लावणी. मग श्रावण, भजनी सप्ताह. चवथ ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरात. तुमच्याकडे गणपती दीड दिवसाचा असो की अकरा दिवसांचा, माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायच्या चौकटीचं) सामान, साफसफाई, करंज्या आणि पाहुणे धरून पूर्ण आठवडा जातो. एकत्र कुटुंबाचा गणपती मूळ घरी असेल तर आणखी जातो. तो आठवडा सरळ काट मारून टाका. 'चवथीत थोडं वाचेन' असं लिहू नका.

त्यानंतर दिवाळी. नरक चतुर्दशीच्या आधीच्या पाचसात रात्री वाड्यावरची पोरं नरकासुराचा पुतळा बांधत जागतात, आणि सत्रान्त परीक्षा त्याच सुमारास येऊन ठेपलेली असते. नरकासुर बांधायचा असेल तर बांधा, त्यात काही गैर नाही. फक्त त्या रात्री आणि त्यांच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळी आताच काट मारा.

सम सत्रात कार्निव्हल, शिगमो (आपला होळीचा उत्सव) आणि गावच्या जत्रा येतात. सत्तरी, सांगे, काणकोणच्या मुलांच्या घरी त्यात काजूचा हंगाम येतो. मार्च ते मे सकाळी बोंडू (काजूची फळं) गोळा करायला घरातल्या सगळ्यांना जावं लागतं आणि सम सत्राची परीक्षा त्याच दिवसांत असते. अशा घरातल्या मुलाने पहाटेचा अभ्यास कागदावर मांडणं म्हणजे न मिळणारे तास मोजणं होय. त्याचा अभ्यास संध्याकाळीच धरा.

आता कॉलेजचा रकाना : युवा महोत्सव, एनएसएस शिबिर, क्रीडादिन, क्षेत्रभेट. शेवटी परीक्षेचा रकाना.

तपासणी : काट मारलेले आठवडे वजा करून खरे किती उरले ते मोजा. पंधरा आठवड्यांच्या सत्रात अकराबारा उरले तर आकडा बरोबर आहे. चौदा उरले असतील तर घराचा रकाना पुन्हा भरा. काहीतरी विसरलंय.

## २. हजेरीचा हिशेब आताच

७५ टक्के हजेरी सगळ्यांना ठाऊक असते, पण ती पेपरनिहाय मोजायची हे सप्टेंबर संपता संपता लक्षात येतं. चार क्रेडिटचा थिअरी पेपर म्हणजे ६० तास. त्यातले ४५ बसायलाच हवेत, म्हणजे फार तर १५ चुकवता येतात. हे पंधरा पावसाळ्यातल्या तापासाठी, बंद पडलेल्या बससाठी आणि घरच्या कार्यासाठी आहेत. जुलैत मित्रांबरोबर मिरामारच्या किनाऱ्यावर बसण्यासाठी ते खर्च केले तर ऑक्टोबरात आजारी पडायलाही जागा उरत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. दर शनिवारी दांडी मारणाऱ्याची एकूण हजेरी ठीक दिसते, पण शनिवारी ज्या पेपरचे दोन तास असतात तो एकटाच ७५ च्या खाली जातो. म्हणून वहीच्या मागच्या पानावर दर पेपरला एक ओळ ठेवा आणि चुकलेल्या प्रत्येक तासाला एक रेघ मारा.

सावधान : प्रॅक्टिकलची हजेरी वेगळी मोजली जाते का आणि चुकलेलं प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर करता येतं का, हे पहिल्या पंधरवड्यातच शिक्षकांना विचारून घ्या.

## ३. आठवड्याचे १६८ तास

आता एका साध्या आठवड्याचा हिशेब मांडा. एक उदाहरण देतो. साखळीला राहणारी, पणजीच्या कॉलेजात सायन्सला असलेली मुलगी. कॉलेज आठवड्याचे सहा दिवस.

- झोप, रोज ८ तास : ५६
- कॉलेज, रोज ६ तास : ३६
- घरातून निघून वर्गात पोहोचणं आणि परत येणं, रोज साडेतीन तास : २१
- जेवण, आंघोळ, कपडे, घरकाम, रोज ३ तास : २१

बेरीज १३४. उरले ३४ तास. यातला तिसरा हिस्सा रिकामा ठेवायचा, म्हणजे सुमारे ११ तास. पाहुणे, डोकेदुखी, फोन, मैत्रिणी आणि नुसतं बसणं, सगळं त्यात. अभ्यासाला राहिले २३ तास.

हा आकडा पाहून मुलं दचकतात, कारण भिंतीवरच्या वेळापत्रकात आठवड्याचे चाळीस तास लिहिलेले असतात. ते चाळीस तास कधी नव्हतेच. पण तेवीस तासही थोडे नाहीत. अकरा आठवड्यांत ते अडीचशेवर जातात, आणि ते खरोखर झाले तर पाच पेपर नीट निघतात.

झोपेतून तास काढू नका. पहिला मोह तिथेच होतो. रोज दोन तास झोप कापून आठवड्याला चौदा तास मिळाल्यासारखं वाटतं, पण ते दुसऱ्या दिवशी बसमध्ये, वर्गात आणि दुपारी जेवणानंतर परत जातात. दुपारच्या झोपेबद्दलही सांगतो. आपल्याकडे ती घराघरांत आहे आणि ती सोडा असं मी म्हणणार नाही. पण अलार्म लावून वीसपंचवीस मिनिटं घ्या. तीनला आडवं होऊन साडेपाचला उठणाऱ्याला सातपर्यंत जडपणा असतो आणि रात्री बारापर्यंत झोप येत नाही. संध्याकाळ आणि पुढची सकाळ, दोन्ही जातात.

तपासणी : हा हिशेब अंदाजाने केला असेल तर पुढचा एक आठवडा रोज रात्री लिहून काढा, खरंच काय झालं ते. प्रवासाचा आकडा जवळपास सगळ्यांचाच वाढतो.

## ४. प्रवासातला कोणता वेळ धरायचा

'बसमध्ये वाचा' हा सल्ला सरसकट चालत नाही. प्रवासाचे दोन भाग करा. बसायला जागा मिळते तो आणि उभं राहावं लागतं तो. वाळपईहून किंवा पेडण्याहून पहिल्या थांब्यावर चढणाऱ्याला जागा मिळते. म्हापशाहून किंवा फोंड्याहून सकाळच्या गर्दीत चढणारा एका हाताने दांडा धरून उभा असतो. उभ्याचा वेळ अभ्यासात धरूच नका.

बसल्याचा वेळही नवं वाचायला वापरू नका. रस्ता वळणाचा, बस हलते, गाणी लागलेली असतात. त्याऐवजी आठवायचं काम करा. कालच्या तासाचे पाच मुद्दे खिशातल्या कागदावर प्रश्नाच्या रूपात लिहून ठेवा, बसमध्ये प्रश्न वाचा, डोळे मिटा, उत्तर मनात म्हणा. अडलं तिथे खूण करा. ही क्लृप्ती वाटली तरी तिला आधार आहे. हेन्री रॉडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात, मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर पारडं फिरलं. वाचलेलं न बघता आठवून काढणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

चोडण, दिवाडी बेटांवरच्या मुलांनी फेरीबोटीची वाट पाहण्याचा वेळही यातच धरावा. आणि पणजी बसस्थानकावर बस सुटायला तासभर असेल तर थांब्यावर उभे राहू नका. पाट्टोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय तिथून पायी जाण्याइतकं जवळ आहे.

## ५. आठवडा मांडणे

आता कुठे वेळापत्रकाचा कागद घ्यायचा. त्यात तास भरायचा क्रम असा :

अ. सगळ्यात अवघड पेपर आधी. तुमचं डोकं ज्या वेळी सगळ्यात ताजं असतं ती वेळ त्याला. आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी दीड तास. सलग साडेचार तास एका दिवशी देऊ नका.

आ. कॉलेजमधले रिकामे तास. दोन लेक्चरांच्या मधला तास कँटीनमध्ये कसा जातो ते कळत नाही. आठवड्यात असे चारपाच तास असतात. त्यातले दोन मित्रांना द्या, बाकीचे जर्नल लिहायला. जर्नल घरी नेलं की रविवार खातं.

इ. दर लेक्चरची त्याच दिवशीची दहा मिनिटं. वही उघडायची, काय शिकवलं ते न बघता लिहायचं, मग ताडून पाहायचं. दिवसाला चाळीस मिनिटं जातात. सगळ्या आराखड्यातलं एकच काही पाळता येणार असेल तर हे पाळा.

ई. उरलेले पेपर उरलेल्या जागी.

उ. एक अख्खी संध्याकाळ मोकळी. कोणती ते नक्की लिहा.

तालमीचं काय? गावच्या उत्सवातल्या नाटकात किंवा भजनी मंडळात असलेली मुलं हा प्रश्न नेहमी विचारतात. तालीम नऊला म्हणतात आणि पहिला प्रवेश साडेदहाला उभा राहतो, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून कागदावर 'नऊ ते अकरा' लिहू नका, 'नऊ ते साडेबारा' लिहा, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ रिकामी ठेवा. त्याच वेळी दिग्दर्शकाला पहिल्याच दिवशी परीक्षेच्या तारखा लिहून द्या. नाटक बसवणारी माणसं समजूतदार असतात, पण त्यांना आधी कळलं पाहिजे. नाटक सोडा असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. ज्याचा वेळ आखलेला असतो त्याचं दोन्ही होतं.

सावधान : शनिवार-रविवारी केटरिंगचं किंवा हॉटेलातलं काम करत असाल तर ते ३४ तासांतून आधी वजा करा. पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरपासून चढतो, तेव्हा जादा पाळ्यांसाठी फोन येतात. किती पाळ्या घ्यायच्या हे फोन यायच्या आधी ठरवा.

## ६. दिवस : फक्त तीन ओळी

आदल्या रात्री, झोपण्यापूर्वी, तीन ओळी. जास्त नाहीत. प्रत्येक ओळीत काम असं लिहा की ते झालं की नाही यावर वाद होऊ नये. 'केमिस्ट्री वाचणे' हे काम नव्हे. 'इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची पाच गणितं पुस्तक मिटून' हे काम आहे.

वेळेचा अंदाज जितका वाटेल त्याच्या दीडपट लिहा. कॅनडातील रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या १९९४ सालच्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध पूर्ण व्हायला सरासरी ३४ दिवस लागतील असं सांगितलं होतं. लागले ५५. मुलं हुशार होती, प्रामाणिकही होती. अंदाज करताना माणूस सगळं सुरळीत चाललेला दिवस डोळ्यांपुढे आणतो.

मोबाइल त्या वेळी दुसऱ्या खोलीत. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महत्त्वाची सूचना येईल अशी भीती असते, म्हणून ग्रुप पाहायच्या दोन वेळा ठरवा : घरी आल्यावर एकदा, रात्री साडेनऊला एकदा. सूचना तासाभरात शिळी होत नाही.

## ७. असाइनमेंट : शेवटापासून मोजा

आयएसए किंवा प्रकल्पाची तारीख मिळाली की तिच्या तीन दिवस आधीची तारीख वहीत लिहा आणि खरी तारीख विसरा. मग मागे मोजत या :

1. छपाई आणि बाइंडिंग, एक दिवस.
2. शेवटचं वाचन आणि संदर्भ तपासणं, एक दिवस.
3. पूर्ण मसुदा, तीन-चार दिवस.
4. मुद्द्यांची रूपरेषा शिक्षकांना दाखवणं, एक दिवस. हा टप्पा गाळला की मसुदा पुन्हा लिहावा लागतो.
5. सामग्री जमवणं, उरलेले दिवस.

छपाईला पूर्ण दिवस का? गावातलं झेरॉक्सचं दुकान दुपारी एकला बंद होतं आणि चारच्या सुमारास उघडतं. कॉलेजवरून तीनला उतरून तुम्ही शटरसमोर उभे राहता. संध्याकाळी उघडतं तेव्हा तुमच्यासारखे दहाजण रांगेत असतात. त्यात पावसाळ्यात वीज जाते. फाइल पेनड्राइव्हवर आणि स्वतःच्या ईमेलवर, दोन्हीकडे ठेवा, आणि पीडीएफ करूनच न्या, नाहीतर दुकानातल्या संगणकावर देवनागरी मजकूर फुटतो.

गट-प्रकल्प असेल तर : एकजण पेडण्याचा, एकजण केप्याचा, एकजण फोंड्याचा, आणि 'रविवारी पणजीत भेटू' असं ठरतं. ते होत नाही. सगळ्यांच्या वेळापत्रकातला समाईक रिकामा तास शोधा, कॉलेजमध्येच भेटा, आणि उठण्यापूर्वी कोण काय, कोणत्या दिवशी देणार ते ग्रुपवर लिहून टाका.

## ८. आठवड्याचा आढावा आणि मोडलेला आठवडा

रविवारी संध्याकाळी अर्धा तास. चारच गोष्टी पाहा : हजेरीच्या रेघा, काय झालं, काय राहिलं, पुढच्या आठवड्यात घराच्या रकान्यात काय आहे.

कधीतरी आठवडा पूर्ण मोडेल. ताप येईल, घरात आजारपण येईल. अशा वेळी मुलं दोन चुका करतात. एक, नवीन आणि आधीपेक्षा कडक वेळापत्रक करतात. दुसरी, राहिलेलं सगळं पुढच्या आठवड्यावर लादतात, आणि मग तोही मोडतो. आराखडा तसाच ठेवा. राहिलेल्यातून दोनच गोष्टी उचला, ज्यांच्यावाचून पुढचं लेक्चर कळणार नाही त्या. बाकीची यादी नकाशातल्या एखाद्या हलक्या आठवड्यासमोर लिहून ठेवा आणि चालू आठवड्याबरोबर चालायला लागा. चुकलेल्या नोट्स त्याच आठवड्यात मैत्रिणीकडून घ्या. महिन्याने तिलाही तिचं अक्षर लागत नाही.

तपासणी : लागोपाठ तीन आठवडे निम्म्याहून कमी काम झालं असेल तर दोष आकड्यात आहे. टप्पा ३ वर परत जा आणि अभ्यासाचे तास कमी करा. तेवीसऐवजी सोळा लिहून सोळा पूर्ण करणाऱ्याची प्रगती जास्त होते.

## ९. परीक्षेआधीचे चार आठवडे

पहिला आठवडा : दर पेपरचा अभ्यासक्रम काढा, घटकांपुढचे तास पाहा. ज्या घटकाला पंधरा तास दिलेत त्यावर प्रश्न जास्त येणार हे उघड आहे. तरीही मुलं पहिला घटक चारदा वाचतात आणि शेवटचा उघडतच नाहीत. म्हणून शेवटच्या घटकापासून सुरू करा.

दुसरा आणि तिसरा : कॉलेजच्या ग्रंथालयातून मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा आणि घड्याळ लावून हाताने लिहा. वर्षभर टाइप करणाऱ्याचा हात दोन तास सलग लिहून दुखतो, तो आता दुखू दे.

चौथा : नवीन काही नाही. बसमधले प्रश्नांचे कागद आणि खुणा केलेल्या जागा, एवढंच. परीक्षेच्या आदल्या रात्री हॉल तिकीट, पेनं, ओळखपत्र, छत्री एकत्र ठेवा, आणि नेहमीच्या बसच्या आधीची बस धरा. म्हापशाहून पणजीला येणाऱ्यांनी पर्वरीच्या वाहतुकीसाठी वेगळी वीस मिनिटं धरा.

परीक्षा संपली की नकाशाचं पान फाडू नका. कोणते आठवडे खरंच गेले ते लाल पेनने त्यावर लिहा आणि पुढच्या सत्राचा घराचा रकाना भरताना तेच पान शेजारी उघडून ठेवा.